इन्स्पेक्टर घोटे आणि फ्लॉरेन्सचा ठाणेदार

घोटे हे आडनाव विदर्भात ऐकलं तर कुणी मान वळवून पाहणार नाही. वर्गाच्या हजेरीपटावर एखादा घोटे असतो, पतसंस्थेच्या काउंटरमागे एखादा असतो. पण याच आडनावाचा एक पोलीस इन्स्पेक्टर १९६४ सालापासून लंडन-न्यूयॉर्कच्या वाचनालयांत मुक्काम ठोकून आहे, त्याच्यावर दोन डझनांच्या आसपास पुस्तकं निघाली आहेत आणि तो मुंबईच्या क्राइम ब्रँचमध्ये नोकरीला आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. इन्स्पेक्टर गणेश घोटे त्याचं नाव. त्याचे जन्मदाते एच. आर. एफ. कीटिंग हे अस्सल इंग्रज गृहस्थ. आणि गंमत अशी, की घोटेला जन्म दिला तेव्हा, आणि पुढे तब्बल दहा वर्षं, कीटिंग यांनी मुंबई डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती.

सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना घोटे मला पहिल्यांदा भेटला. मुखपृष्ठावर आपल्याकडचं आडनाव रोमन अक्षरांत दिसलं म्हणून उचललं आणि रात्री संपवूनच झोपलो. मग एकच प्रश्न डोक्यात राहिला. जो माणूस इथे आलाच नाही, त्याने इथल्या पोलिसावर लिहायचं धाडस केलं कसं, आणि ते इतकं निभलं कसं?

धाडसामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. कीटिंग यांचा जन्म १९२६ सालचा. पत्रकारिता करता करता ते रहस्यकथा लिहू लागले. इंग्लंडमध्ये त्या छापल्या गेल्या, पण अमेरिकेतले प्रकाशक त्यांना हात लावेनात. म्हणे, या फारच इंग्रजी वळणाच्या आहेत. तेव्हा कीटिंग यांनी पुढची गोष्ट इंग्लंडबाहेर न्यायची ठरवली, नकाशाचं पुस्तक उघडलं आणि बोट येऊन थांबलं ते हिंदुस्थानावर. नायकाचं नाव आधी घोष ठरलं होतं. घोष हे बंगाली नाव, मुंबईच्या पोलिसाला ते शोभणार नाही, असं कुणीतरी सांगितलं आणि घोषचा घोटे झाला. बायकोचं नाव मात्र प्रोतिमाच राहिलं. मग ती बंगाली ठरली, आणि १९९९ सालच्या एका कादंबरीत तिला वारसाहक्काने कलकत्त्यात मोठं घर मिळतं, त्या निमित्ताने घोटेची कलकत्तावारीही झाली. लेखकाच्या हातून राहून गेलेली एक गाठ पस्तीस वर्षांनी अशी कामाला आली!

पहिली कादंबरी 'द परफेक्ट मर्डर'. नावात खोच आहे. परफेक्ट हे एका पारशी सेक्रेटरीचं आडनाव आहे. त्याच्यावर हल्ला होतो, सगळे त्याला खून म्हणू लागतात, आणि हा बिचारा मरत काही नाही. घोटेच्या डोक्यावर त्याच वेळी दुसरी चौकशी लादलेली असते. खुद्द मंत्र्याच्या टेबलावरून एक रुपयाची नोट चोरीला गेलेली! त्यात भर म्हणून युनेस्कोने पाठवलेला अ‍ॅक्सेल स्वेनसन नावाचा धिप्पाड स्वीडिश तज्ज्ञ 'तुमचे पोलीस कसे काम करतात ते पाहतो' म्हणत सतत सोबत. या पुस्तकाला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर हा पुरस्कार मिळाला. १९८० साली 'द मर्डर ऑफ द महाराजा'साठी कीटिंग यांना तो पुन्हा मिळाला.

आता मराठी वाचक म्हणून पहिल्याच पुस्तकात मला एक खडा लागला, तोही सांगतो. ज्या श्रीमंताच्या घरी हा हल्ला होतो त्याचं नाव आहे लाला अरुण वर्दे. लाला आणि वर्दे! उत्तरेकडचा लाला आणि कोकण-गोव्याकडचा वर्दे एकाच पाटीवर. लंडनमध्ये कुणाला खटकलं नसेल; दादरला किंवा धंतोलीला लगेच खटकतं. १९८८ साली इस्माइल मर्चंट यांच्या कंपनीने या कादंबरीवर चित्रपट काढला. जाफर हई दिग्दर्शक, नसीरुद्दीन शाह घोटेच्या भूमिकेत, अमजद खान लालाच्या. त्या चित्रपटात लालाचं नाव हिरालाल झालं आहे. कुणा जाणकाराने परस्पर दुरुस्ती केली असावी. स्वीडिश पाहुण्याचं काम करणारा स्टेलान स्कार्सगार्ड पुढे हॉलिवूडमध्ये मोठा नट झाला, हे जाता जाता.

न पाहिलेल्या मुलखाबद्दल लिहिणं ही गोष्ट नागपूरकरांना नवी वाटू नये. आपल्या शेजारच्या सिवनीच्या जंगलात मोगली वाढला, पेंचला जाणारा प्रत्येक पर्यटक त्याच्या नावाची पाटी पाहून येतो. पण किपलिंगने 'जंगल बुक' लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, बर्फात बसून. सिवनीला तो कधी गेला नव्हता. स्टर्नडेल नावाच्या इंग्रजाने सातपुड्यातल्या मुक्कामावर १८७७ साली पुस्तक लिहिलं होतं, अशा पुस्तकांचा त्याने आधार घेतला. जंगलाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं, कारण लांडगे तक्रार करायला येत नाहीत. पोलीस तपासाची कथा मात्र तपशिलावर उभी असते. ठाण्याची हद्द कुठे संपते, साहेबापुढे कोण उभं राहतं आणि कोण बसतं, चहा कुणी मागवायचा, साक्षीदार खोटं बोलतो तेव्हा नजर कुठे वळवतो, हे ठाऊक नसेल तर कथा दुसऱ्या पानावरच लंगडते.

इथे मला दोन इंग्रज लेखकांची आठवण होते. त्यांनी उलटा मार्ग धरला. दोघंही परक्या देशात जाऊन राहिले आणि मग त्या देशाच्या पोलिसावर लिहिलं. देश इटली.

पहिल्या मॅग्डालेन नॅब. लँकेशायरमध्ये १९४७ साली जन्मलेल्या, कुंभारकाम शिकलेल्या या बाई १९७५ साली लहान मुलाला घेऊन फ्लॉरेन्सला गेल्या. तिथे ओळखीचं कुणी नाही, भाषा येत नाही. तिथेच राहिल्या आणि २००७ साली तिथेच वारल्या. १९८१ साली त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली, 'डेथ ऑफ अ‍ॅन इंग्लिशमन'. अशा चौदा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. नायक आहे मार्शल साल्वातोरे ग्वार्नाच्चा.

मार्शल म्हटल्यावर छातीवर पदकं लटकवलेला सेनापती डोळ्यांपुढे येईल, पण इटलीत हा हुद्दा फार खालचा. तिथे दोन मोठी पोलीसदलं आहेत. एक आपल्यासारखे गृहखात्याचे पोलीस. दुसरे काराबिनिएरी, म्हणजे १८१४ साली उभारलेलं, लष्करी शिस्तीचं, संरक्षण खात्याशी जोडलेलं दल. गुन्हा घडला की दोन्हींपैकी कुणीही तपासाला येऊ शकतं, आणि दोघांच्याही डोक्यावर सरकारी वकील बसलेला असतो, कारण तिकडे तपासाचं सुकाणू त्याच्या हाती. काराबिनिएरींच्या छोट्या ठाण्याचा प्रमुख तो मार्शल. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ठाणेदार! इटलीत काराबिनिएरींच्या बावळटपणावर विनोदांची खाण आहे, आपल्या पांडू हवालदाराची आठवण व्हावी अशी.

तर हा ग्वार्नाच्चा फ्लॉरेन्सच्या भव्य पित्ती राजवाड्याच्या एका कोपऱ्यातल्या ठाण्यात बसतो. पर्यटकांचे हरवलेले कॅमेरे, चोरीला गेलेल्या सायकली, भाडेकरू-मालकांच्या कटकटी, हे त्याचं रोजचं काम. जाडजूड, मितभाषी माणूस. उन्हाने डोळ्यांतून पाणी येतं म्हणून काळा चष्मा लावतो. मूळचा सिसिलीचा, म्हणजे इटलीच्या पार दक्षिण टोकाचा. सुरुवातीच्या पुस्तकांत तर त्याची बायको-मुलं तिकडे सिराक्यूजला, म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करत राहिलेली; हा इथे एकटा, स्वतःचं जेवण स्वतः रांधणारा. उत्तरेकडचे शिकलेले लोक त्याला अडाणी समजतात, आणि तोही स्वतःला फारसा हुशार समजत नाही. फक्त बघत बसतो. लोक मनातलं बोलून मोकळे होतात ते त्याच्यापाशीच. सिमेनॉनसारखा या क्षेत्रातला महर्षी नॅबबाईंचा चाहता होता.

दुसरे मायकेल डिबडिन. हेही १९४७ चेच. पेरुजाच्या विद्यापीठात चार वर्षं इंग्रजी शिकवून ते परतले आणि १९८८ साली त्याच पेरुजावर 'रॅटकिंग' लिहिली. तिलाही गोल्ड डॅगर मिळाला. त्यांचा नायक ऑरेलिओ झेन. हा झेन जपानी नव्हे, ते व्हेनिसमधलं जुनं आडनाव आहे. एका राजकीय प्रकरणात अडचणीचा ठरल्यामुळे त्याला रोमच्या मंत्रालयात कागद हलवायला बसवलेलं असतं. तिथून उचलून पेरुजाला धाडतात, एका उद्योगपतीच्या अपहरणाच्या तपासावर. पुढच्या प्रत्येक पुस्तकात त्याची रवानगी वेगळ्या प्रांतात होते. अशी अकरा पुस्तकं. डिबडिन गेले तेही २००७ सालीच.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. सिसिलीचा माणूस फ्लॉरेन्सला, व्हेनिसचा माणूस पेरुजाला. दोघंही बदलीवर आलेले! बदली म्हणजे काय हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. कोल्हापूर-साताऱ्याकडचा तरुण अधिकारी गडचिरोलीत येऊन पडला, की पहिले सहा महिने त्याला ना माणसांची बोली कळते, ना बाजाराचा दिवस, ना कुणाचं कुणाशी वाकडं आहे ते. आणि याच काळात, जे इथल्याला सवयीने दिसत नाही ते त्याला दिसतं. परदेशात राहणाऱ्या लेखकाची अवस्था हीच असते. फ्लॉरेन्समध्ये कितीही वर्षं काढली तरी नॅबबाई तिथल्या होणार नव्हत्या. ते उपरेपण त्यांनी लपवलं नाही, आपल्या नायकाच्या खांद्यावर ठेवलं. फ्लॉरेन्सचं अजब वाटणं हे मग लेखिकेचं राहत नाही, सिसिलीहून आलेल्या ठाणेदाराचं होतं.

फ्लॉरेन्सच्या आसपास १९६८ ते १९८५ या काळात जोडप्यांचे खून होत होते. आठ जोडपी गेली. त्या प्रकरणावर नॅबबाईंनी १९९६ साली 'द मॉन्स्टर ऑफ फ्लॉरेन्स' ही कादंबरी लिहिली. त्यात ग्वार्नाच्चा तपासपथकात आहे आणि वरिष्ठांनी ठरवून टाकलेल्या निष्कर्षावर त्याचा विश्वास बसत नाही. मोठ्याने बोलण्याइतका त्याचा हुद्दा नाही. बदलीवर आलेल्या माणसाची ही खास कुचंबणा वाचताना मला आपल्याकडची कितीतरी दफ्तरं आठवली.

पण कीटिंग यांचं काय? ते तर बदलीवरसुद्धा आलेले नव्हते. पुस्तकं, वर्तमानपत्रं, चित्रपट, मिळेल ते वाचून-पाहून घरबसल्या मुंबई रचत होते. मला वाटतं, त्यांनीही तीच युक्ती केली, फक्त एक पायरी खोल. आपल्याला पुरेसं ठाऊक नाही, कुठल्याही क्षणी कुणीतरी चूक पकडेल, ही जी धास्ती लेखकाच्या मनात असणार, ती त्यांनी जशीच्या तशी घोटेला देऊन टाकली. घोटे सतत धास्तावलेला असतो. साहेब काय म्हणतील, श्रीमंत आरोपी दारातून हाकलेल का, घरी बायको आज कुठल्या मूडमध्ये असेल. शाळामास्तरचा हा मुलगा हुशारीने जगाला दिपवत नाही. चिवटपणे, घाबरत घाबरत, पण हटून बसतो. कीटिंग मुंबईच्या गल्ल्यांत चुकले असतील. वरिष्ठासमोर उभ्या असलेल्या कनिष्ठाच्या पोटातला गोळा मात्र त्यांनी बरोबर ओळखला. त्यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही.

याची दोन उदाहरणं देतो. 'इन्स्पेक्टर घोटे ट्रस्ट्स द हार्ट' ही १९७२ ची कादंबरी. एका धनाढ्याच्या मुलाला पळवायला आलेले लोक चुकून शिंप्याच्या मुलाला उचलून नेतात, आणि खंडणी मात्र धनाढ्याकडेच मागतात. दुसऱ्याच्या मुलासाठी पैसे द्यायचे का? किती द्यायचे? शिंप्याचा पोरगा म्हटल्यावर आकडा कमी करायचा का? पोलीस घासाघीस करायला सांगतात आणि घोटे त्या दोन बापांच्या मध्ये उभा. रहस्य फार नाही, पण पुस्तक खाली ठेववत नाही.

दुसरी 'अंडर अ मॉन्सून क्लाउड', १९८६ ची. मुंबईबाहेरच्या एका ठाण्यात, कोसळत्या पावसात, 'टायगर' केळकर नावाच्या कडक वरिष्ठाच्या हातून संतापाच्या भरात एक वेंधळा सहकारी मरतो. केळकर म्हणजे घोटेचं दैवत. अशा अधिकाऱ्याची पोलीसदलाला गरज आहे म्हणून घोटे प्रेत लपवायला मदत करतो. पुढे चौकशी लागते, आणि आयुष्यभर सत्य शोधणारा हा माणूस स्वतः आरोपीच्या जागी बसतो. खरं सांगून नोकरी घालवायची, की खोटं बोलून वर्दी वाचवायची? घोटेमालेतलं सर्वांत चांगलं पुस्तक मी हेच मानतो.

मधल्या काळात कीटिंग मुंबईला येऊन गेले होते. मुंबई न पाहता मुंबईवर लिहिणारा एक लेखक आहे, हे एअर इंडियाच्या कानावर गेलं आणि १९७४ साली कंपनीने त्यांना विमानाने आणलं. त्यानंतर १९७६ साली 'फिल्मी, फिल्मी, इन्स्पेक्टर घोटे' आली, सिनेमाच्या स्टुडिओत घडणारी. मौज अशी, की आधीची आणि नंतरची पुस्तकं शेजारी ठेवली तर रस्ते, गर्दी, वास यांत फरक जाणवतो. घोटेमध्ये फारसा नाही. तो आधीच पुरा झालेला होता. २००८ साली, वयाच्या ऐंशीनंतर, कीटिंग यांनी घोटेची पहिली केस सांगणारी कादंबरी लिहिली. २०११ साली ते गेले.

हे सगळं आपल्याकडच्या रहस्यकथेच्या इतिहासाशी ताडून पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचवले. इंग्रजी रहस्यकथांचा आधार ते मोकळेपणाने घेत. लंडनच्या धुक्यातली गोष्ट गिरगावात आणून बसवत. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. एसटी स्टँडवरच्या स्टॉलने दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं, हे उपकार समीक्षकांनी मान्य केले नाहीत तरी खरे आहेत. पण या सगळ्यांत साधा, पगारी, बदलीला भिणारा, घरी उशिरा पोचला म्हणून बोलणी खाणारा मराठी पोलीस माझ्या वाचनात क्वचितच आला. आमचे नायक दिमाखदार. भित्रा, प्रामाणिक मराठी इन्स्पेक्टर लिहिला तो लंडनच्या इंग्रजाने.

अलीकडे मुंबईवर पुन्हा बाहेरून लिहिलं जाऊ लागलं आहे. वसीम खान हे लंडनमध्ये जन्मलेले, व्यवस्थापन सल्लागार म्हणून १९९७ पासून दशकभर मुंबईत राहिलेले. त्यांचा निवृत्त इन्स्पेक्टर चोप्रा २०१५ साली अवतरला, सोबत हत्तीचं पिल्लू घेऊन. नंतर त्यांनी स्वातंत्र्योत्तर मुंबईतली पर्सिस वाडिया ही महिला इन्स्पेक्टर निर्माण केली. त्या मालिकेतल्या 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस'ला २०२१ साली ऐतिहासिक रहस्यकथेचा डॅगर मिळाला. सुजाता मॅसी अमेरिकेतून १९२० च्या दशकातल्या मुंबईवर लिहितात. त्यांची वकील नायिका परवीन मिस्त्री उभी आहे ती कॉर्नेलिया सोराबजींच्या आदर्शावर, आणि सोराबजी जन्मल्या नाशिकला. ही पुस्तकं वाचनीय आहेत. मात्र हत्तीचं पिल्लू पाहिलं की मला वाटतं, दूरच्या वाचकाला खूश करण्याचा मोह घोटेच्या वेळी कमी होता.

या पुस्तकांची खरी परीक्षा कुठे होते, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, ज्यांच्यावर ती लिहिली त्यांच्या भाषेत. डोना लिऑन या अमेरिकन बाई कित्येक वर्षं व्हेनिसमध्ये राहून तिथल्या कमिसारियो ब्रुनेट्टीवर लिहीत होत्या. जगभर भाषांतरं झाली, पण इटालियनमध्ये त्यांनी होऊ दिली नाहीत. शेजारपाजारी आपल्याला कुणी ओळखू नये, हे त्यांचं कारण. शहाणपण म्हणा, सावधगिरी म्हणा.

घोटेच्या बाबतीत ही परीक्षा मी घरच्या घरी करून पाहिली. इंग्रजीत घोटे आणि त्याच्या भोवतालची माणसं एका विशिष्ट हिंदुस्थानी इंग्रजीत बोलतात; सगळीकडे चालू वर्तमानकाळ, वाक्याच्या शेवटी 'ओन्ली'. इंग्रज वाचकाला त्याची गंमत वाटते, आपल्याला जरा टोचतं. मी काही पानं मराठीत उतरवून पाहिली. पहिली अडचण घरातच आली. प्रोतिमा बंगाली, हा मराठी, मग ही दोघं घरी बोलतात कुठल्या भाषेत? ती त्याला 'अहो' म्हणेल का? मी तिला मुंबईची मोडकीतोडकी, ठसकेबाज मराठी दिली आणि 'अहो'ही दिलं. मग साहेबाच्या केबिनमधला प्रसंग घेतला. आणि तिथे ती इंग्रजी विनोदी लकब निघूनच गेली, कारण 'मी विचार करतो आहे, साहेब' या मराठी वाक्यात हसण्यासारखं काहीच नाही. कागदावर उरला एक थकलेला, नीट बोलणारा, टोपी काखेत धरून उभा असलेला इन्स्पेक्टर. लाला अरुण वर्द्यांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.